पट्ट्यावर चालणाऱ्या ब्लोअरमध्ये एनयू ३०८ बेअरिंग: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या ब्लोअरच्या शाफ्टला दोन्ही टोकांना ६३०८ ही गोळ्यांची बेअरिंग्ज होती आणि त्यांपैकी पुलीच्या बाजूचे बेअरिंग वारंवार जात असे. त्या जागी एनयू ३०८ हे दंडगोल रोलरचे बेअरिंग बसवले, पंख्याच्या बाजूला ६३०८ तसेच ठेवले आणि यंत्र काही महिने सलग चालवले. दोन्ही बेअरिंग्जचा आतला व्यास ४० मिमी, बाहेरचा ९० मिमी आणि रुंदी २३ मिमी असल्यामुळे शाफ्टला किंवा हाऊसिंगला (बेअरिंग धरून ठेवणाऱ्या घराला) हात लावावा लागला नाही.

केवळ भारक्षमता पाहिली, तर एनयू ३०८ ची क्षमता ६३०८ च्या सुमारे दुप्पट आहे. पट्टा जास्त ताणला की त्याचा सगळा ओढा याच टोकावर येतो, आणि गोळ्यांच्या बेअरिंगचे गणिती आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्याने भार सव्वापट झाला तरी ते जवळजवळ निम्म्यावर येते. तरीही माझ्या मते खरा फायदा क्षमतेचा नसून शाफ्टला लांबीच्या दिशेने मिळालेल्या मोकळिकीचा आहे. शाफ्ट तापून लांब होतो, तेव्हा एका टोकाला त्याला सरकायला वाव हवा. तेथे गोळ्यांचे बेअरिंग असेल, तर त्याची बाहेरची रिंग हाऊसिंगमध्ये सैल ठेवावी लागते. ती गंजाने किंवा घासून अडकली की दोन्ही बेअरिंग्ज एकमेकांना शाफ्टच्या लांबीच्या दिशेने रेटा देत राहतात आणि तापतात. एनयू प्रकारात आतल्या रिंगला कडाच नसतात, त्यामुळे ही सरक बेअरिंगच्या आतच होते आणि बाहेरची रिंग घट्ट बसवता येते. बदलानंतर पुलीकडचे हाऊसिंग कमी तापते, हे हाताला सहज जाणवते.

आतली रिंग सुटी निघत असल्याने बसवणेही सोपे गेले. ती सुमारे ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून शाफ्टवर सरकवली. हातोड्याची गरज पडली नाही. आतली रिंग घट्ट बसल्यावर आतली मोकळीक कमी होते, म्हणून सी३ क्लिअरन्सचे, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त आतली मोकळीक असलेले बेअरिंग घेतले होते.

उणिवाही आहेत. आवाज आधीच्यापेक्षा किंचित जास्त येतो. ६३०८ झेडझेड किंवा २आरएस या झाकणबंद प्रकारांत मिळते, तसे हे मिळत नाही. धूळ अडवण्याचे काम हाऊसिंगच्या सीललाच करावे लागते आणि ग्रीसही अधिक लवकर द्यावे लागते. ग्रीस देताना लिथियम आणि पॉलियुरिया सरसकट मिसळू नये, कारण अनेकदा त्यांचे मिश्रण पातळ होऊन वाहून जाते. यंत्र अगदी कमी भारावर फिरवणेही टाळावे. पुरेसा भार नसला की रोलर फिरण्याऐवजी घसरतात आणि रिंगेच्या पृष्ठभागावर ओरखडे उठतात.

मोटर थेट कपलिंगने जोडलेली असेल आणि बाजूचा ओढा थोडा असेल, तर हा बदल करण्यात अर्थ नाही; तेथे ६३०८ च योग्य. पाया वाकलेला असेल किंवा दोन हाऊसिंग एका रेषेत नसतील, तर एनयू घेऊच नये, कारण कोनाच्या काही मिनिटांपेक्षा (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) जास्त तिरकसपणा त्याला सोसत नाही. अशा ठिकाणी २२३०८ हे स्वतः जुळवून घेणारे स्फेरिकल रोलर बेअरिंग लागेल, मात्र त्याची रुंदी ३३ मिमी असल्याने हाऊसिंगही बदलावे लागेल.