पन्हाळ्याच्या उतारावर रायडिंग लॉन मोवर : एक पावसाळा, एक हिवाळा वापरून

आमचं घर पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला, तांबड्या मातीच्या उतारावर. वर आंबा-काजू, मधे लॉन, शनिवार-रविवारी पाहुणे. मे महिन्यात बसून चालवायचं लॉन मोवर घेतलं. पेट्रोल इंजिन, ४२ इंची डेक (खालचं पात्यांचं झाकण) आणि हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन. त्यामुळं क्लचची भानगड नाही, एक पेडल दाबलं की पुढं, दुसरं दाबलं की मागं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खालच्या बहुतेक गोष्टी कुठल्याही कंपनीच्या मशीनला लागू पडतात.

दुकानात पहिल्यांदा एचपी सांगतात. उताराच्या जागेला त्याचा फारसा उपयोग नाही. मॅन्युअल उघडून उताराची मर्यादा बघा, बहुतेक मशीनना ती १५ अंश असते. मोजायला गवंड्याची पाणसळ आणि चार फुटी फळी पुरते. फळीचं एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकवायचं, पाणसळ ठेवून फळी सपाट धरायची आणि दुसऱ्या टोकाखाली टेप लावायचा. जमीन तेरा इंचांपेक्षा खाली गेली असेल तर तिथं हे मशीन न्यायचं नाही. नुसत्या नजरेला उतार नेहमी कमी दिसतो. घरामागचा पट्टा बघून कुणीही म्हणेल की हा सहज होईल. टेपनं तिथं साडेपंधरा इंच दाखवले, म्हणजे १८ अंश. तो पट्टा सोडून उरलेली जागा एकराच्या वर भरली, म्हणून खरेदी केली. अर्धा एकर भरली असती तर नसती केली.

झिरो-टर्नही बघितलं होतं, म्हणजे स्टेअरिंगऐवजी दोन दांड्यांनी वळवायचं मोवर. सपाट मैदानावर ते नादखुळा आहे, जागच्या जागी गिरकी घेतं. पण त्याची पुढची चाकं ट्रॉलीसारखी नुसती फिरती असतात. वळणं आणि थांबणं दोन्ही मागच्या चाकांवर. ओल्या गवतावर मागची चाकं घसरली की हातातले दोन्ही दांडे असून नसल्यासारखे. आमच्या जागेला ते नकोच होतं.

चालवताना उताराला सरळ वर, सरळ खाली जायचं, आडवं नाही. हातानं ढकलायच्या मोवरचा नियम नेमका उलटा, तिथं आडवं चालतात. त्यामुळं आमच्या गड्याला ही सवय लागायला वेळ लागला. वळण वरच्या किंवा खालच्या सपाटीवर घ्यायचं, मधे थांबायचं नाही. मागची गवताची पेटी भरली की वजन मागं जातं आणि चढावर पुढची चाकं हलकी लागतात. स्टेअरिंगला ते लगेच कळतं. आम्ही उतारावर पेटी लावतच नाही. आणि मशीन ढकलायला मागं जो लिव्हर असतो, तो उतारावर चुकूनही ओढू नका. तो ओढला की ट्रान्समिशन सुटतं आणि मशीन मोकळं पळतं.

आता पावसाचं. आमच्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये गवत वाळतच नाही. ओलं गवत डेकच्या आत लगद्यासारखं बसतं, पातं कापायचं सोडून गवत नुसतं लोळवतं, आणि टायरखाली तांबडी माती निसरडी झालेली असते. म्हणजे गवत ज्या दोन महिन्यांत सगळ्यात जोरात वाढतं, त्याच दोन महिन्यांत हे मशीन शेडमध्ये. विकताना हे कुणी सांगत नाही. तेवढे दिवस पाठीवरचा ग्रास कटर चालतो, मागच्या १८ अंशाच्या पट्ट्यावर तर वर्षभर तोच. त्यामुळं रायडिंग मोवर घेतलं की ग्रास कटर सुटला, असा हिशेब धरू नका.

सप्टेंबरच्या शेवटी गवत फूटभर झालं होतं. आधी ग्रास कटरनं खाली आणलं, मग डेक सगळ्यात वर ठेवून मोवर फिरवलं. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापलं की लॉन पिवळं पडतं. शेजारचे आप्पा बांधावर उभे राहून म्हणाले, "एवढी वैरण चुरा करून टाकलास, म्हशीला काय घालू आता?" त्यांचं खरं आहे. मोवरचं गवत वैरणीच्या कामाचं राहत नाही. आता वरचा तुकडा त्यांच्या विळ्यासाठी राखून ठेवतो. दुधाचं गणितही त्यातच बसतं.

दिवाळीनंतर मात्र पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. कोरडं गवत, कडक जमीन. सकाळी दव गेल्यावर सुरू केलं की दुपारच्या जेवणाआधी सगळं लॉन एकसारखं. दोन गड्यांचं दिवसभराचं काम होतं ते.

दुरुस्तीला कोल्हापूरचा फायदा आहे. पात्याच्या स्पिंडलचं (पातं ज्यावर फिरतं त्या दांड्याचं) बेअरिंग वाजायला लागलं, तर त्यावरचा नंबर वाचून उद्यमनगरात, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या भागात, तसंच बेअरिंग मिळालं. जांभ्याच्या दगडावर आपटलेलं पातंही तिथंच धार लावून आणलं. धार लावल्यावर पातं मधल्या भोकात खिळ्यावर टांगून बघा. एक बाजू खाली झुकली तर तिकडून अजून घासायचं, नाहीतर बेअरिंग परत जाणार. बेल्टला मात्र काटकसर नको. साधा व्ही-बेल्ट मापाला बसतो, पण डेकच्या पुलींवर जळतो. मूळचाच मागवा.

सगळ्यात जास्त कटकट सीटच्या स्विचची. पाती चालू असताना माणूस सीटवरून उठला की इंजिन बंद पडतं. धाकटा भाऊ अंगानं हलका, खड्ड्यात उसळला की मशीन बंद. मेकॅनिक म्हणाला, "मालक, डायरेक्ट करून देऊ काय? कटकटच नको." नको म्हटलं. उतारावर माणूस खाली पडला तर पाती थांबवणारी तेवढी एकच गोष्ट आहे. त्यापेक्षा खड्डे बुजवले आणि भावाला मोवरवरून उतरवलं.

पेट्रोल हल्ली २० टक्के इथेनॉलचं मिळतं आणि या छोट्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये बहुधा १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. म्हणून टाकी भरून ठेवत नाही. पावसाळ्यात शेडमध्ये लावायच्या आधी टाकी रिकामी करायची आणि कार्ब्युरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. बॅटरीची वायरही काढून ठेवायची.

घ्यायचंच असेल तर डेमो शोरूमच्या फरशीवर बघू नका. टेम्पोचं भाडं आपण द्या, पण मशीन आपल्या उतारावर आणून, मॅन्युअलच्या मर्यादेत जेवढी जागा बसते तेवढ्यात, पाती बंद ठेवून आधी वर-खाली चालवून बघा. विक्रेता त्याला तयार नसेल तर दुसरा बघा.