सोनं शोधायचा 'ऑल इन वन' किट: पॅन झकास, चाळणी फालतू, पुस्तिका बंबात घाला

आधीच सांगतो, श्रीमंत व्हायचं म्हणून हा किट घेत असाल तर राहू द्या. तीन दिवस, दोन माणसं, गुडघाभर गार पाणी आणि हाती लागलं काय तर अकरा कण, त्यातले चार तर भिंगाशिवाय दिसत पण नाहीत. तरी मी साडेतीन स्टार देतोय, का ते सांगतो, थोडं लांबण लागेल.

मी आणि माझी चुलत बहीण, ताई, आम्ही दोघं कधीच न पाहिलेल्या भागात नदीवर तंबू टाकून सोनं शोधायला गेलेलो. मला ह्यातलं शून्य येत होतं. तिला नकाशे वाचायची हौस, मला नवीन वस्तू मागवायची, त्यामुळे किट मी आणला आणि ट्रिप तिने वाचवली असं म्हटलं तरी चालेल.

बॉक्समध्ये दोन प्लास्टिकचे पॅन, एक मोठा १४ इंची एक छोटा १० इंची, बादलीवर बसणारी अर्ध्या इंचाच्या भोकांची चाळणी, कण ओढून घ्यायची पिचकारीसारखी बाटली, चिमटा, भिंग, खुरपं, चुंबक, तीन काचेच्या कुप्या, 'सोन्याची खात्री' असं लिहिलेलं मातीचं पाकीट आणि एक पुस्तिका.

पॅनपासून सुरू करतो कारण तोच खरा माल आहे. गडद हिरवा रंग आहे, त्यावर पिवळा कण पण उठून दिसतो आणि काळी वाळू पण. एका बाजूला पायऱ्यांसारख्या खाचा आहेत, पॅन तिरका करून हलवला की हलकी माती पाण्याबरोबर निघून जाते आणि जड माल खाचेत अडकतो. ज्यांनी कुणाला तांदूळ रोळताना बघितलंय त्यांना लगेच कळेल, हात तसाच फिरतो, वरचं पाण्याबरोबर जातं, खडे तळाला राहतात, फक्त इथे आपल्याला खडेच हवे असतात. साधी वाळू म्हणजे क्वार्ट्झ, त्याची घनता २.६५, आणि सोन्याची १९.३, म्हणजे सातपटीच्या वर, त्यामुळे घाई नाही केली तर सोनं सहसा पॅन सोडत नाही.

सहसा म्हणालो कारण पहिल्या संध्याकाळी ते माझ्या डोळ्यासमोर सोडून गेलं. एक चपटा पिवळा कण, मोहरीच्या टरफलाएवढा, पाण्यावर चक्क तरंगत आला, पॅनच्या काठावर एक सेकंद थांबला आणि गेला. मी बघतच राहिलो. नंतर कळलं की नवीन प्लास्टिकवर तेलकट थर असतो, हाताचं तेल असतंच, आणि बारीक चपटं सोनं तेलकट झालं की पाणी त्याला धरत नाही, ते वरच राहतं. उपाय एकदम सोपा, पॅन भांडी घासायच्या साबणाने आणि बारीक वाळूने खसाखसा घासून घ्यायचा आणि घमेल्यात धुणार असाल तर त्या पाण्यात साबणाचा एक थेंब टाकायचा. नदीत मात्र साबण नको. एवढी एक ओळ पुस्तिकेत छापायला काय जात होतं त्यांचं?

पुस्तिकेवर येतोच, आधी प्रॅक्टिसचं सांगतो, कारण ह्या रिव्ह्यूमधलं कामाचं एवढंच आहे असं समजा. किट आल्यावर थेट नदीवर पळू नका. घरी घमेलं घ्या, त्यात वाळू खडी माती कालवा, आणि मासेमारीच्या गळाला लावतात ती शिशाची बारीक वजनं हातोडीने चपटी करून मोजून दहा टाका. मग धुवा आणि मोजा. मला पहिल्यांदा सहा परत मिळाली. ताई म्हणाली, 'अरे, दहातली चार घरच्या घमेल्यात हरवतोस, तिकडे जाऊन काय दिवे लावणार?' लागलं मनाला. मग रोज अर्धा तास, आठव्या दिवशी दहाच्या दहा आली. शिशाची घनता ११.३ आहे, त्यामुळे शिसं टिकवता आलं तर तेवढ्याच आकाराचं सोनं आरामात टिकतं. शिसं हाताळल्यावर हात नीट धुवायचे आणि तो पॅन स्वयंपाकाच्या आसपास न्यायचा नाही, हे सांगायची गरज नसावी पण सांगतो.

ते 'खात्री'चं पाकीट मात्र गंमत आहे. मूठभर माती, धुतल्यावर चार कण निघाले, आणि ते चार कण आम्ही तीन दिवसांत नदीतून काढलेल्या सगळ्यांपेक्षा देखणे होते. म्हणजे ज्याने आधी पाकीट फोडलं त्याला नदी फालतू वाटणार हे नक्की. पण सरावाला भारी आहे, तेच चार कण परत मातीत टाकून परत काढायचे.

बाटली, हिला पैकीच्या पैकी. दाबायची, तोंड कणाजवळ न्यायचं, सोडायची, पाण्यासकट कण आत. आतमध्ये नळी उभी आहे त्यामुळे आत गेलेलं परत बाहेर येत नाही. चिमट्याने आम्ही एकही कण उचलू शकलो नाही, बोटं गारठलेली असताना तर विसराच. चुंबक ठीकठाक, पण नुसता वापरू नका. तळाला जी काळी वाळू राहते त्यात बरंच मॅग्नेटाइट असतं, ते चुंबकाला असं काही गुच्छाने चिकटतं की मध्ये अडकलेलं सोनं पण ओढून नेतं, आणि मग ते साफ करत बसा. छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक ठेवून फिरवायचा, बाजूला नेऊन पिशवीतून चुंबक काढून घ्यायचा, वाळू आपोआप पडते. दोन-तीनदा केलं की झालं. हेमटाइट, म्हणजे लोखंडाचंच दुसरं खनिज, असेल तर ते ह्याने निघत नाही, ते हातानेच धुवावं लागतं.

आता चाळणी. दुसऱ्या दिवशी दुपारी कडा तुटली. फार काही केलं नव्हतं हो, बादलीवर ठेवून चिकणमातीचे गोळे त्यात हाताने फोडत होतो, आणि ते फोडावेच लागतात, कारण चिकणमातीचा गोळा पॅनमधून गडगडत बाहेर जाताना बाजूचं सोनं अंगाला चिकटवून घेऊन जातो. थोडा जोर दिला तर कट्टकन आवाज आणि अर्धी खडी बादलीत. उरलेला दीड दिवस मोठे दगड हाताने वेचले. जाळी चांगली आहे, कडेचं प्लास्टिकच पातळ आहे. खुरपं पण असंच, बागकामाला बरं, पण खडकाच्या चिरेत जातच नाही, आणि सोनं नेमकं तिथेच असतं. ताईने जुना स्क्रूड्रायव्हर टोकाला वाकवून आणला होता, अकरातले सात कण त्याने खरवडलेल्या मातीतून आले.

आणि आता ती पुस्तिका. पहिल्याच पानावर लिहिलंय, 'कुठल्याही वाहत्या पाण्यात वापरा.' हे वाचून कुणी गेला ना, तर दंड भरून येईल. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत आणि वेगळे म्हणजे खरंच वेगळे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात हौशी माणसाला पण 'मायनर्स राइट' नावाचा परवाना लागतो, एकदा घेतला की १० वर्षं चालतो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर काही जागा ठरवूनच दिल्यात, तिथे हातातल्या अवजारांनी शोधायला वेगळा परवाना नको. कॅलिफोर्नियात, जिथे १८४८ मध्ये सटरच्या गिरणीवर सोनं सापडून सगळं जग धावलं, तिथे पॅन चालतो पण नदीचा तळ पंपाने ओढणाऱ्या मशीनवर २००९ मध्ये बंदी आणली. वर जमीन एकाची आणि खालचं खनिज दुसऱ्याचं असंही असू शकतं, म्हणजे जमीनमालक 'या की' म्हणाला म्हणून झालं असं नाही. राष्ट्रीय उद्यान असेल तर बऱ्याच ठिकाणी दगड उचलायला पण मनाई.

आम्ही व्हिडिओ बघून जी जागा ठरवली होती ती दुसऱ्याच्या नावावर नोंदलेली निघाली. ताईने त्या भागाच्या खनिज खात्यात फोन केला म्हणून कळलं, नाहीतर आम्ही पोचलो असतो तिथे पॅन घेऊन, ऐटीत. फोनवरच्या माणसाने उलट मदत केली, कुठला पट्टा मोकळा आहे, कुठली अवजारं चालतील, तंबू पाण्यापासून किती लांब पाहिजे, सगळं सांगितलं. हे सगळं पुस्तिकेत येणार नाही, मान्य, पण 'आधी चौकशी करा' एवढं तरी लिहा ना बाबांनो.

जागा कशी निवडायची ह्यावर पुस्तिकेत एक चित्र आहे, नदीच्या आतल्या वळणावर बाण. बरोबर आहे, तिथे पाण्याचा वेग कमी होतो आणि जड माल खाली बसतो, पण त्याच्या आधीचं काम कोण सांगणार? अनोळखी भागात पहिला प्रश्न वळण कुठलं हा नाही, ह्या नदीत सोनं आहे का हा आहे. ताईने जुन्या खाणींच्या नोंदी आणि भूगर्भाचा नकाशा शेजारी ठेवून बघितलं, पूर्वी जिथे सापडलं होतं त्याच्या खालच्या अंगाचे ओढे निवडले आणि मग उपग्रहाच्या फोटोत वळणं, खडीचे पट्टे, उघडे खडक शोधले. तीन आठवडे गेले ह्यात. मला कंटाळा आलेला, खरं सांगतो. पण पहिला कण तिने नकाशावर फुली मारलेल्या जागेपासून वीस पावलांवर निघाला, प्रवाहाला आडवी गेलेली खडकातली चीर, वर शेवाळाची गादी. शेवाळ बादलीत पिळून घ्यायचं, त्याच्यात बारीक सोनं अडकतं.

तो कण सोनं आहे हे कसं कळलं? आधी अभ्रकाने तीनदा फसवलं होतं, उन्हात असं चमकतं की हात थरथरतो. सावली करून बघा. अभ्रक किंवा पायराइट (सोन्यासारखं दिसणारं पिवळं खनिज) फिरवलं की चमक येते आणि जाते, सोनं सावलीतही तसंच मख्ख पिवळं राहतं. सुई टेकवली तर सोनं दबतं, पायराइटचा चुरा होतो. आमचा दबला. ताई एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, 'कुपी दे लवकर, शिंकू नकोस.'

एक कण चंदेरी पांढुरका निघाला, पारा चिकटलेला असावा म्हणून तो अकरात धरला नाहीये. जुन्या खाणींच्या भागात पूर्वी सोनं पकडायला पारा वापरायचे आणि तो अजून गाळात आहे, त्यामुळे असा कण दिसला तर वेगळ्या बंद कुपीत, आणि चुकूनही तापवून 'साफ' करायला जाऊ नका, पाऱ्याची वाफ विषारी असते. ह्यावरून अजून एक, अशा भागात ओढ्याचं पाणी कॅम्पचा फिल्टर लावून पिऊ नका. तो फिल्टर जंतूंसाठी असतो, पाण्यात विरघळलेलं आर्सेनिक त्याने जात नाही, आणि सोन्याच्या खनिजाबरोबर आर्सेनिक बऱ्याचदा असतं. आम्ही पिण्याचं पाणी सगळं गाडीतून नेलं, वजन झालं खूप. मी कुरकुर केली तर ताईने सुनावलं की १८९८ मध्ये सोन्यासाठी कॅनडातल्या क्लोंडाइकला निघालेल्या लोकांना वर्षभराचं सामान असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस हद्दीतून पुढे सोडत नव्हते, साधारण टनभर ओझं, तेही घाटातून फेऱ्या मारमारून न्यायचं, आणि तू दोन कॅनला रडतोस. पुढे बोललो नाही.

तंबूचं थोडक्यात. झुडपांवर अडकलेला काडीकचरा बघा, मागच्या पुराचं पाणी तिथपर्यंत आलेलं असतं, त्याच्या बरंच वर मुक्काम. इथे आभाळ स्वच्छ असलं तरी वर कुठे पाऊस झाला की पाणी येतं. जुन्या विहिरीसारख्या खाणींच्या तोंडाशी जायचं नाही, बोगद्यात तर नाहीच, कुठली कडा कधी ढासळेल आणि आत हवा कशी असेल कळत नाही. फोनला रेंज नव्हती, नकाशा ऑफलाइन घेतलेला, आणि कधी परतणार ते घरी लिहून ठेवलेलं. निघताना खणलेलं सगळं परत बुजवलं, ह्यावरून आमचं थोडं भांडण झालं कारण मी दमलो होतो.

तर घ्यावा का? नवशिक्या असाल आणि काय काय लागतं हेच माहीत नसेल तर घ्या, पॅन आणि बाटली पुढची कितीतरी वर्षं चालतील. थोडी माहिती असेल तर मोठा हिरवा पॅन, बाटली आणि जाड कडेची चाळणी सुटी घ्या, छोटा पॅन आम्ही शेवटी तळाची काळी वाळू धुवायला वापरला, ते काम मोठ्यातही होतं. चिमट्याने सध्या घरी पायातला काटा काढला, तेवढा उपयोग झाला.

चाळणीची तक्रार फोटोसकट टाकलीय. बदलून आली तर कडा जाड आहे का बघून इथे अपडेट करतो.