मानाउसच्या स्वस्त हॉटेलात उतरणार असाल तर हे वाचा

ॲमेझॉनचं जंगल बघायला ब्राझीलला जाणारे बहुतेक लोक आधी मानाउसला पोचतात. शहर विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंश दक्षिणेला, रियो नेग्रोच्या काठी, चहूबाजूंनी जंगल. दक्षिणेकडून येणाऱ्या बीआर-३१९ या महामार्गाचा मधला मोठा पट्टा कच्चा असल्यामुळे माणूस इथे विमानानं येतो, नाहीतर नदीतल्या बोटीत टांगलेल्या झोळीत रात्री काढत येतो. कसाही आला तरी तो दमलेला असतो, घामानं निथळत असतो आणि त्याला गार खोलीशिवाय दुसरं काही सुचत नसतं. आम्हाला ज्यांनी लुबाडलं त्यांचा सगळा धंदा या एका गोष्टीवर चालतो.

दादा तेव्हा कंपनीच्या कामासाठी साओ पाउलोला होता. मी सुट्टी काढून त्याच्याकडे गेले आणि ऑक्टोबरात आम्ही दोघं मानाउसला निघालो. आम्ही अकोल्याची माणसं. पंचेचाळीस अंश आम्हाला नवे नाहीत. पण अकोल्याचं ऊन कोरडं, सावलीत कूलरसमोर बसलं की जीव थाऱ्यावर येतो. मानाउसला पारा छत्तीस-सदतीसवर असतो आणि हवेत इतका दमटपणा की रात्री दोनलाही अंगावरचा घाम वाळत नाही. तिथे पंखा नुसती गरम हवा फिरवतो. म्हणून स्वस्त हॉटेलांत एकाच खोलीचे दोन भाव असतात, पंख्याचा वेगळा आणि एसीचा वेगळा. आम्ही एसीचीच खोली घेतली होती. रात्रीचे १९० रियाइस, पैसे हॉटेलवर गेल्यावर द्यायचे. रियाल हे तिथलं चलन, अनेकवचनी रियाइस. तेव्हा एक रियाल म्हणजे साधारण पंधरा-सोळा रुपये होते.

विमान मध्यरात्रीनंतर उतरलं. टॅक्सीवाला भला होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. हॉटेल जुन्या वस्तीत, तेआत्रो आमाझोनासपासून चालत जाण्याच्या अंतरावर. रबराच्या पैशावर उभं राहिलेलं, १८९६ साली सुरू झालेलं हे नाट्यगृह सगळ्या जगाला माहीत आहे. त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत अशी स्वस्त हॉटेलं बरीच आहेत. काउंटरवरच्या माणसानं आम्हाला पहिल्या मजल्यावरची खोली दाखवली. नवा कोरा स्प्लिट एसी, खोली गारेगार, चादरी स्वच्छ. दादा म्हणाला, “अगं, फोटोत होती तशीच आहे, चल.” खाली आल्यावर त्या माणसानं पूर्ण मुक्कामाचे पैसे आगाऊ मागितले. कार्ड दिलं.

आता पुढचं नीट वाचा. कार्डाचं मशीन त्यानं स्वतःच्या बाजूला, टेबलाच्या कडेखाली धरलं होतं. मी पिन टाकला. मशीन वाजलं, चिठ्ठी बाहेर आली. त्यानं ती फाडली, एक नजर टाकली आणि मान हलवत ड्रॉवरमध्ये सारली. “गेलं नाही, पुन्हा करा.” मी पुन्हा पिन टाकला. दुसरी चिठ्ठी मात्र त्यानं हसून माझ्या हातात ठेवली. माझं भारतातलं सिम बंद होतं, त्यामुळे बँकेचा मेसेज यायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी बँकेचं ॲप उघडलं तेव्हा तीन मिनिटांच्या अंतरानं एकाच रकमेच्या दोन नोंदी दिसल्या. पहिला व्यवहारही झालेला होता.

मशीनचा आणखी एक प्रकार तिथे चालतो आणि तो आपल्या लोकांना हमखास चकवू शकतो. ब्राझीलमध्ये आकडे लिहिताना स्वल्पविराम आणि टिंब यांची कामं आपल्या उलट असतात. हजाराला टिंब, दशांशाला स्वल्पविराम. पाचशे सत्तर म्हणजे ५७०,०० आणि पाच हजार सातशे म्हणजे ५.७००,००. झोपाळलेल्या डोळ्यांना लहानशा पडद्यावर हा फरक दिसत नाही. ज्या मशीनचा पडदा फुटलेला आहे किंवा त्यावर स्टिकर चिकटवलाय, त्यावर कार्ड लावूच नका. ब्राझीलच्या लोकांनाही या फुटक्या पडद्यानं भरपूर गंडा घातलेला आहे. मशीन आपल्या हातात घ्या, आकडा मोठ्यानं वाचा, मगच पिन. आणि “गेलं नाही” म्हणाला तर ती न गेल्याची चिठ्ठी मागा. व्यवहार फसला तरी मशीनवर तसं लिहून येतं. तिथले लोक आपसात मोबाइलवरून ‘पिक्स’नं पैसे देतात, आपल्या यूपीआयसारखंच. पण त्याला सहसा तिथलं बँक खातं लागतं, त्यामुळे परक्या पाहुण्याला बहुतेक वेळा कार्ड नाहीतर रोख एवढंच उरतं, आणि काउंटरवरच्या माणसाला हे पक्कं ठाऊक असतं.

सकाळी दारावर थाप. ही खोली दुसऱ्यांनी आधी राखून ठेवलीय, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर जा, खोली अगदी अशीच आहे. आम्ही विरोध केला, पण पैसे भरलेले होते. वर गेलो. भिंतीवर स्प्लिट होता, दिवा लागत होता, पातं वरखाली होत होतं, वारा येत होता. गार मात्र काही होईना. दादानं खिडकीतून मान बाहेर काढून वर-खाली पाहिलं आणि मला बोलावलं. बाहेरच्या भिंतीवर लोखंडी स्टँड होता, त्यावर आउटडोअर युनिटच नव्हतं. तांब्याची नळी कापून तिचं तोंड चिकटपट्टीनं गुंडाळलेलं. आत लावलेला तो एसी म्हणजे नुसता खोका, ग्राहकाला दाखवायला ठेवलेला.

खाली गेलो तर त्या माणसाला जराही आश्चर्य वाटलं नाही. मेकॅनिक उद्या येईल म्हणाला. फार उकडत असेल तर चालू एसीची एक खोली रिकामी आहे, रात्रीचे आणखी ८० रियाइस लागतील. म्हणजे ज्या गारव्याचे पैसे आम्ही एकदा देऊन बसलो होतो, आणि कार्डावर तर दोनदा, तोच तो आम्हाला पुन्हा विकत होता. वर म्हणाला, तुम्ही मध्यरात्री आलात म्हणून आदल्या दिवसाचंही भाडं लागेल. हे साफ खोटं. ब्राझीलच्या २००८ च्या पर्यटन कायद्यात हॉटेलचा एक दिवस म्हणजे चोवीस तास असं स्पष्ट लिहिलंय, येण्या-जाण्याच्या ठरवून दिलेल्या वेळांच्या हिशेबानं. आम्ही ज्या रात्रीचं बुकिंग केलं होतं त्याच रात्री आलो होतो. दादानं पोर्तुगीजमध्ये तेवढं एक वाक्य सांगितल्यावर तो विषय त्यानं सोडून दिला. माहिती असलेल्या माणसाशी ते वाद घालत नाहीत, पुढचं गिऱ्हाईक बघतात.

दुपारी त्याच काउंटरवर ‘गाइड’ उगवला. अंगात जंगलाचं चित्र असलेला टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात प्लास्टिकच्या पाकिटांचा जाडजूड अल्बम. दोन रात्री जंगलातल्या लॉजमध्ये, पिराना मासे धरायचे, रात्री मगरी बघायच्या, होडीतून बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांमधून फिरायचं, परातीएवढ्या पानांची कमळं बघायची. दोघांचे मिळून १,८०० रियाइस, निम्मे आत्ता, रोख. शेवटच्या दोन जागा, उद्या पहाटे निघायचं. वर तिसऱ्या मजल्यावरची ती भट्टी, इकडे जंगलातली गार हवा. दादानं ९०० मोजून दिले.

त्या अल्बममधली फसवणूक मला आज सगळ्यात जास्त सलते, कारण ती पकडायला जागेची थोडी माहिती लागते आणि नव्या माणसाकडे ती कुठून असणार? फोटो खरे होते, पण जून महिन्यातले. मानाउसला नदीची पातळी वर्षभरात अफाट बदलते. साधारण जूनमध्ये पाणी सगळ्यात वर आणि ऑक्टोबरच्या सुमारास सगळ्यात खाली. मानाउस बंदराच्या मोजपट्टीवर २०२१ च्या पुरात पाणी ३०.०२ मीटरला पोचलं होतं आणि २०२४ च्या ऑक्टोबरात १२.११ मीटरपर्यंत उतरलं. पाणी चढलं की काठचं रान बुडतं. त्याला तिथे ‘इगापो’ म्हणतात, आणि होडी खरंच झाडांच्या शेंड्यांमधून जाते. ऑक्टोबरात तीच जागा भेगाळलेला चिखल असते. कमळांची तळी आटलेली असतात. त्या महिन्यात इगापोत होडी फिरवण्याचं आश्वासन देणारा माणूस खोटं बोलतोय. कोरड्या दिवसांत बघण्यासारखं वेगळं पुष्कळ आहे. नदीतले पांढरे वाळूचे किनारे उघडे पडतात, मासे थोड्या पाण्यात गोळा झाल्यामुळे पक्षी भरपूर दिसतात. प्रामाणिक गाइड हेच सांगून पैसे घेतो.

पहाटे व्हॅन आली. रियो नेग्रोवरचा साडेतीन किलोमीटरचा लांब पूल ओलांडून आम्हाला इरांदुबाच्या बाजूला नेलं. तिथून मातीचा रस्ता, मग भर उन्हात सुकलेल्या खाडीतून चालत एका घराशी. लॉज नावाचं काही नव्हतंच. पत्र्याचं छप्पर, चार झोळ्या, पाणी हापशाचं. त्या घरातली बाई बिचारी ओशाळली. तिला दोन पाहुणे जेवायला येणार एवढंच सांगितलेलं, आणि तिच्या हातावर किती पडणार होते ते ऐकून दादाचं डोकंच फिरलं. गाइड म्हणाला, उरलेले ९०० द्या, मग होडीचं बघतो. आम्ही एक पैसा दिला नाही. त्या बाईच्या मुलानं आम्हाला मोठ्या रस्त्यापर्यंत सोडलं, तिथून बस पकडून शहरात परत.

हॉटेलात विचारलं तर हात वर. गाइड आमचा नाही, तोही इथला एक गिऱ्हाईकच. ज्या टेबलावर बसून पैसे घेतले, ज्या माणसानं “हा आमचा खात्रीचा माणूस” म्हणून ओळख करून दिली, तोच आता त्याला ओळखत नव्हता. इथे एक गोष्ट पाठ करून जा. ब्राझीलचा ग्राहक संरक्षण कायदा १९९० चा आहे, क्रमांक ८.०७८, आणि तो चांगला कडक आहे. विकणाऱ्याच्या प्रतिनिधीनं केलेल्या व्यवहाराची जबाबदारी विकणाऱ्यावरही येते. तिथे प्रत्येक दुकानात या कायद्याची प्रत ग्राहकाला दिसेल अशी ठेवणं बंधनकारक आहे. ती मागितली की काउंटरवरचा आवाज बदलतो, हे आम्ही पाहिलं. ‘प्रोकोन’ या ग्राहक कार्यालयाचं नाव काढल्यावर तर आम्हाला निदान तिसऱ्या मजल्यावरून खाली आणलं गेलं, ज्यादा पैसे न घेता.

रोख ९०० गेले ते गेलेच. पावती म्हणून वहीचं पान होतं, त्यावर ना शिक्का, ना कंपनीचा नोंदणी क्रमांक. तिथल्या प्रत्येक नोंदलेल्या धंद्याला सीएनपीजे नावाचा क्रमांक असतो. तो नसलेल्या कागदाला पोलिसांनी नुसतं चाळून बाजूला ठेवलं. तक्रार मात्र लिहून घेतली, आणि बरं झालं, कारण कार्डाच्या दुसऱ्या वसुलीबद्दल भारतातल्या बँकेनं तिचीच प्रत मागितली. बुकिंगवरचा दर, हाती मिळालेली एक चिठ्ठी, तीन मिनिटांच्या अंतरानं झालेल्या दोन नोंदींचा स्क्रीनशॉट आणि पोलिसांचा कागद, एवढ्यावर जास्तीची रक्कम परत आली. वेळ लागला, पण आली.

पर्यटन खात्याची ‘कादास्तूर’ नावाची नोंदणी आहे. हॉटेल, सहल कंपनी, गाइड, तिघांनाही ती सक्तीची आहे आणि ती यादी इंटरनेटवर कुणालाही उघडता येते. गळ्यातलं ओळखपत्र प्लास्टिकचं आहे का हे बघू नका, त्यावरचा क्रमांक त्याच्यासमोर मोबाइलवर टाका. खरा गाइड रागावत नाही. आमच्या त्या गाइडचं नाव यादीत नव्हतं. रोख आगाऊ कुणालाच नको. द्यायचेच तर थोडे, आणि उरलेले लॉजवर पोचल्यावर.

पासपोर्ट काउंटरवर ठेवून घेण्याची मागणीही झाली होती, अनामत म्हणून. दादानं ठाम नकार दिला. परदेशी पाहुण्याची नोंद करण्यापुरता पासपोर्ट बघणं योग्य, ठेवून घेणं नाही. आपल्या बाबतीत तर त्याच्याबरोबर पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड असतं. ब्राझीलहून परतताना ते हातात नसेल तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. ज्या माणसाच्या ड्रॉवरमध्ये तुमच्या चिठ्ठ्या जातात, त्याच्या ड्रॉवरमध्ये हे कार्ड जाऊ देऊ नका.

एसी चालू आहे की नाही हे बघायची रीत सोपी आहे. सोळा-सतरा अंशावर लावा, दहा मिनिटं त्याच खोलीत बसा, आणि खिडकी उघडून बाहेरचं युनिट फिरतंय का बघा. पैसे एका वेळी एकाच रात्रीचे द्या. बाहेर कितीही उकडत असलं तरी ही दहा मिनिटं काढा, कारण पूर्ण मुक्कामाचे पैसे गेल्यावर तुमच्या म्हणण्याला तिथे काही वजन उरत नाही.

त्या हॉटेलच्या जाहिरातीत अजूनही पहिल्या मजल्यावरचीच खोली दिसते. या वस्तीत कुठेही बुकिंग करताना दोन गोष्टी आधी लेखी विचारा. फोटोतली खोली कोणत्या मजल्यावरची, आणि पूर्ण मुक्काम तीच मिळणार का? येईल ते उत्तर फोनमध्ये जपून ठेवा. कार्डाच्या तक्रारीत बँकेनं आमच्याकडे असं काही लेखी आहे का, हेही विचारलं होतं.