कुंकू नसलेली बॅटरी

दारव्हा तालुक्यातील तीन गावांच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थांचा गटसचिव म्हणून मी गेली २२ वर्षे काम करतो. सातबारा, आठ-अ, बोजाची नोंद, वारसांच्या सह्या यांत एक अक्षर कमी असले तरी सभासदाला परत पाठवणारा मी माणूस. आणि तरीही स्वतःच्या १ लाख १२ हजार रुपयांच्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बाबतीत मात्र मी हातात एकही कागद न घेता सहा वेळा ती गाडी दुरुस्तीसाठी दुकानदाराच्या स्वाधीन करून आलो. हे लिहिताना संकोच वाटतो. परंतु त्याच दुकानातून गाडी घेतलेले आणखी चार जण मला पुढे भेटले आणि त्यांपैकी कोणाकडेही माझ्याइतकासुद्धा पुरावा नव्हता, म्हणून झाले ते क्रमाने मांडत आहे.

सन २०२३ च्या दसऱ्याला शेजारच्या तालुक्याच्या गावी असलेल्या एका उपवितरकाकडून मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. मुख्य वितरक अमरावतीला, कंपनी परराज्यातील. तीन गावांच्या फेऱ्या धरून माझे रोजचे जाणे-येणे पन्नासेक किलोमीटरचे आहे, आणि एका चार्जिंगमध्ये शंभर किलोमीटर जाईल असे सांगण्यात आले होते. सुरुवातीला ती पंचाहत्तर जात असे, त्यावर माझी तक्रार नव्हती. चाचणीच्या रस्त्यावरचा आकडा आमच्या रस्त्यावर मिळणार नाही एवढे मलाही कळते. घरी आणल्यावर सौभाग्यवतींनी गाडीची पूजा केली, आसन उघडून आतील बॅटरीवरही हळदी-कुंकवाचे स्वस्तिक काढले, आणि मुलीने मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेतले. त्या छायाचित्राचे मोल पुढे एक वर्षाने कळले.

सन २०२४ च्या मार्चपासून गाडी पडद्यावर पंचवीस टक्के चार्जिंग दाखवत असतानाच रस्त्यात बंद पडू लागली. यामागचे कारण नंतर एका जाणकाराने समजावून दिले. बॅटरीत अनेक सेल गटागटाने एकापुढे एक जोडलेले असतात आणि त्यांवर बीएमएस नावाची नियंत्रक पाटी लक्ष ठेवते. त्यांतील एक जरी गट दुबळा निघाला आणि त्याचा विजेचा दाब (व्होल्टेज) ठरावीक पातळीखाली गेला, तर बाकीच्यांत वीज शिल्लक असूनही ती पाटी अख्खी बॅटरी तोडते. म्हणजे ही खोट बॅटरीच्या आत होती. दुकानदार मात्र दर वेळी नवे कारण सांगे: कधी सॉफ्टवेअर जुने, कधी चार्जरची पिन सैल, आणि एप्रिल-मे उजाडल्यावर आमचे ऊन. विदर्भात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो हे गाडी विकताना त्यास ठाऊक नव्हते काय, हा प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता.

दर खेपेस मी जॉब कार्ड मागितले. जॉब कार्ड म्हणजे गाडी कोणत्या तारखेला, किती किलोमीटर चाललेली असताना, कोणत्या तक्रारीसाठी आली आणि तिच्यात काय बदलले याची सही-शिक्क्याची पावती. त्यावर उत्तर ठरलेले असे: "काय कागद घेऊन बसले जी सेक्रेटरी साहेब, घरचंच दुकान समजा." जूनमध्ये, ऐन खरीप कर्जवाटपाच्या धांदलीत, त्याने बॅटरी काढून चार दिवस ठेवून घेतली. परत आली तेव्हा ती स्वच्छ पुसलेली होती. स्वस्तिक गेले याचे मला वाईट वाटले, पण त्याहून अधिक काही वाटले नाही.

डिसेंबरात गाडी एका चार्जिंगमध्ये अडतीस किलोमीटरवर आली. मी कंपनीच्या ग्राहक सेवेत फोन केला, तेव्हा नागपूरहून आलेल्या त्यांच्या माणसाने लॅपटॉप जोडला आणि सांगितले की, या चेसिसबरोबर कारखान्यातून निघालेली बॅटरी ही नव्हेच, हिचा क्रमांक वेगळा आहे आणि ती माझ्या गाडीपेक्षा जुनी आहे. महिनाभरात कंपनीचा ईमेल आला की, अनधिकृत बॅटरी बसवल्याने वॉरंटी रद्द झाली आहे. गाडी इलेक्ट्रिक वाहनांसाठीच्या केंद्राच्या फेम-२ अनुदान योजनेतील होती, अनुदान बिलातच वजा झाले होते, आणि त्या योजनेसाठी बॅटरीसह किमान तीन वर्षांची वॉरंटी ही अटच होती. माझी वॉरंटी सव्वा वर्षात संपली, तीही दुकानदाराने आतली बॅटरी बदलली म्हणून. माझ्या आरसीवर चेसिसचा आणि मोटरचा क्रमांक आहे, बॅटरीचा नाही. बिलावरही तो रकाना कोरा होता. गाडी घेताना बॅटरीचा व चार्जरचा क्रमांक बिलावर लिहून घेणे एवढ्या एका गोष्टीने हा सारा प्रकार अशक्य झाला असता.

मुलीने ते दसऱ्याचे छायाचित्र शोधून काढले. ते मोठे करून पाहिले असता स्वस्तिकाच्या खालच्या बाजूस लेबलवरचे शेवटचे सहा अंक स्पष्ट वाचता आले आणि ते कंपनीच्या नोंदीशी जुळले.

आता कायद्याकडे वळतो. पुण्यातील माझ्या भाच्याने सांगितले होते की अमेरिकेतील राज्यांत 'लेमन लॉ' असतो, ठरावीक वेळा दुरुस्ती करूनही नवी गाडी सुधारली नाही तर कंपनीला ती परत घ्यावी लागते. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. किती दुरुस्त्यांनंतर गाडी परत घ्यावी याचा आकडा आपल्या कायद्यात कोठेही लिहिलेला नाही, आणि म्हणूनच प्रत्येक दुरुस्तीचा कागद आपणच जमवावा लागतो. जो आधार आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याचा. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात जाते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. कंपनी कोठलीही असो, मला यवतमाळच्या पुढे जावे लागले नाही. वकील लावणे सक्तीचे नाही. मी लावला, कारण माझाच मसुदा वाचून मला माझ्या अज्ञानाची शंका आली.

ती शंका खरी ठरली. नव्या कायद्यात उत्पादकाच्या जबाबदारीवर कलम ८२ ते ८७ असे एक प्रकरण आहे, आणि त्यात निष्काळजीपणा सिद्ध न होताही उत्पादकास जबाबदार धरता येते हे वाचून मी हरखून गेलो होतो. वकिलांनी तो सगळा भाग पेन्सिलने खोडला. कायद्यातील 'हानी' या शब्दाच्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूला झालेली हानी वगळलेली आहे. बॅटरी पेटून घर जळाले, माणूस भाजला, तर ते प्रकरण उपयोगी पडेल, परंतु केवळ गाडी सदोष निघाली एवढ्यासाठी नाही. त्यासाठी 'वस्तूतील दोष', 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' हीच वाट आहे. बिल अथवा पावती न देणे, आणि सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येतच आहेत.

दुसरी दुरुस्ती मागणीत झाली. मी सरळ 'नवीन गाडी द्यावी' असे लिहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात वॉरंटीच्या अटी पाहून, सदोष भाग बदलता येत असेल तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही असा निकाल दिला आहे, आणि कंपन्यांचे वकील तो प्रत्येक जबाबात जोडतात. म्हणून आम्ही किंमत परत मागितली आणि ते न झाल्यास पर्याय म्हणून नवी बॅटरी, तिच्यावर नव्याने पूर्ण वॉरंटी आणि त्रासाची भरपाई मागितली. कंपनीने दुसरा आधार सर्वोच्च न्यायालयाच्याच टाटा मोटर्स प्रकरणातील २०२१ च्या निकालाचा घेतला: वितरक स्वतंत्र व्यापारी आहे, त्याच्या कृत्याची माहिती आम्हांस नव्हती, सबब आम्ही जबाबदार नाही. हे उत्तर येणार हे ओळखूनच आम्ही उपवितरक, मुख्य वितरक आणि कंपनी अशा तिघांना विरुद्ध पक्ष केले होते. बॅटरी कोणी बदलली हा वाद त्यांचा आपसांतला आहे. बदलण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत मूळ बॅटरी सदोष होती आणि वॉरंटी कंपनीची होती, हा माझा मुद्दा त्याने पुसला जात नाही. त्या चौघांपैकी एकट्या दुकानदारावर तक्रार करून आलेल्या एकास आता कंपनीला पक्ष करण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत आहे.

पुराव्याविषयी थोडे. छायाचित्राची नुसती छापील प्रत पुरेशी धरली जात नाही, म्हणून मूळ मोबाइल, मूळ फाइल आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र आम्ही दिले. जॉब कार्ड नसल्याची उणीव काही अंशी व्हॉट्सॲपने भरून काढली, प्रत्येक खेपेस "गाडी ठेवली आहे, केव्हा मिळेल?" असा माझा संदेश आणि त्यावर दुकानदाराचे अंगठ्याचे चिन्ह एवढे तरी होते. ज्यांची गाडी आज बिघडत आहे त्यांनी कागद मिळत नसेल तर त्याच दिवशी किलोमीटरच्या आकड्याचे छायाचित्र काढून दुकानदार व कंपनी दोघांनाही ईमेल करावा. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर वस्तू सील करून प्रयोगशाळेत पाठवण्याची तरतूद कलम ३८ मध्ये आहे, त्यामुळे वाद सुरू असताना बॅटरी कोणाला उघडू देऊ नये.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी आधी तक्रार केली होती. ती मंडळी कंपनीकडे विषय नेतात, परंतु त्यांना आदेश देण्याचा अधिकार नाही, आणि कलम ६९ मधील दोन वर्षांची मुदत त्या काळात थांबत नाही. सहा दुरुस्त्यांच्या आश्वासनांत माझे सव्वा वर्ष गेले होते. आणखी थोडे गेले असते तर विलंबमाफीचा अर्ज करण्याची वेळ आली असती.

दुधाच्या किटल्या वाहण्यासाठी हीच गाडी घेतलेल्या आमच्या गावच्या एका तरुणास कंपनीने 'व्यावसायिक वापर, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही' असे कळवले. तेही चूक आहे. स्वयंरोजगाराने केवळ उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूच्या बाहेर असते, हे कायद्यातील स्पष्टीकरणातच लिहिले आहे.

तक्रार जुलै २०२५ मध्ये दाखल झाली. तोवर उपवितरकाच्या दुकानाला कुलूप लागले होते आणि त्याच्या नावची नोटीस 'पत्ता सोडून गेला' असा शेरा घेऊन परत आली. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकल्यावर दुकानाच्या नावामागे असलेले मालकाचे खरे नाव मिळाले; ते दुकानदाराच्या मेहुण्याचे होते. दुरुस्त केलेल्या पत्त्यावर नोटीस पुन्हा निघाली आणि या वेळी ती सही करून घेतली गेली. कंपनीने मध्यस्थीत नवी बॅटरी देऊ केली आहे, मात्र दोन्ही वितरकांविरुद्धची तक्रार मागे घेण्याच्या अटीवर, जी मी मान्य केलेली नाही.

नोटीस पोचली त्याच संध्याकाळी दुकानदाराचा फोन आला. "सेक्रेटरी साहेब, घरच्या घरात कोर्ट कशाले जी?" असे तो म्हणाला. जे म्हणायचे आहे ते तीस दिवसांच्या आत, फार तर आणखी पंधरा दिवसांत, लेखी जबाबात म्हणावे असे सांगून मी फोन ठेवला, आणि त्या फोनची तारीख व वेळ वहीत लिहून ठेवली.