ई-रीडरवर भयकथा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी ई-रीडर घेतला तो फक्त भयकथा आणि गूढकथा वाचायला, त्यामुळे हा अनुभवही तेवढ्यापुरताच. जूनमध्ये घेतला, आता फेब्रुवारी संपत आलाय. रोज रात्री घरातली निजानीज झाली की तासभर वाचते.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी मी शाळेत असताना वाचनालयातून आणून वाचले. पिवळी पानं, जाड पुठ्ठ्याची बांधणी, समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं ‘बापरे’. ते सगळं अजून आवडतं. पण तेव्हा एक गोष्ट नेहमी नडायची. मतकरींच्या कित्येक कथांचा जीव शेवटच्या दोन-चार ओळींत असतो. समोरच्या पानावर कथा संपतेय हे दिसलं की नजर आपसूक तिथे घसरायची. एखादा शब्द दिसला तरी पुरे, मधलं सगळं फुकट जायचं. मी तळहाताने पान झाकून वाचायचे.

ई-रीडरवर मी अक्षर मोठं ठेवलंय, एका वेळी बारा-तेरा ओळीच दिसतात. पुस्तक किती वाचून झालं ते दाखवणारी खालची टक्केवारी बंद केलीय. हा एवढा बदल केला आणि भयकथा मला नव्याने भेटली. पुस्तक हातात असलं की उरलेल्या पानांची जाडी अंगठ्याला कळत असते. अजून पन्नास पानं आहेत, म्हणजे हा माणूस इतक्यात मरत नाही, हे आधीच ठाऊक असतं. कथासंग्रहात तर पुढच्या कथेचं नावच दिसतं. इथे कथा पुढच्याच पडद्यावर संपेल की अजून वीस पडदे चालेल, काही कळत नाही. आधी वाचलेल्या कथांनीही मला पुन्हा गाठलं.

धारपांचा फायदा वेगळ्या तऱ्हेने झाला. ते घाई करत नाहीत. नोकरी, बदली, नवी जागा, शेजारी, सगळं आपल्या ओळखीचं, आणि त्यातच कुठेतरी एखादी गोष्ट जराशी चुकलेली असते. लहानपणी मी ती पानं भराभर उलटायचे. आता बारा ओळींच्या चालीने वाचताना कळतं की भीती तिथेच पेरलेली असते. एक मात्र सांगते, धारपांच्या कथांत संकटातून सोडवणारे समर्थ आले की लहानपणी जीव भांड्यात पडायचा, आता मला धारपांच्या त्याच कथा जास्त आवडतात ज्यांत सोडवायला कुणीच येत नाही.

कॉपीराइट संपलेलं इंग्रजी साहित्य प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावरून फुकट मिळतं, ते यावर उत्तम वाचता येतं. एम. आर. जेम्स तिथेच सापडले. केंब्रिजचे जुन्या हस्तलिखितांचे जाणकार; नाताळात मित्रांना मेणबत्तीच्या उजेडात स्वतःच्या भूतकथा वाचून दाखवायचे. पहिला संग्रह १९०४चा. त्यात एका प्राध्यापकाला समुद्रकाठच्या पडक्या अवशेषांत जुनी शिट्टी सापडते आणि तो ती वाजवतो. मुक्कामाच्या खोलीत दोन पलंग असतात. तो एकटाच, तरी सकाळी दुसऱ्या पलंगावरचं अंथरूण विस्कटलेलं. मी ती कथा वाचली तेव्हा समोरची कॉट रिकामी होती, तिच्यावर धुतलेल्या चादरींचा ढीग. उठून घड्या घालून कपाटात ठेवल्या, मगच पुढे वाचलं.

आता पडद्याबद्दल. तो ई-इंक या तंत्राचा; त्यात सूक्ष्म कुप्या असतात, त्यांतले काळे-पांढरे कण विजेच्या भाराने वर-खाली होतात. काही कण नीट परतत नाहीत, म्हणून आधीच्या पानाची पुसट अक्षरं मागे राहतात. प्रत्येक पानाला पूर्ण रिफ्रेश, म्हणजे पडदा पुसून नव्याने उमटवणं, लावलं तर ती जातात, पण दर वेळी पडदा काळा चमकतो आणि अंधारात वाचताना लय तुटते. मी पुसट अक्षरंच पत्करली. उजेड बाजूने पानावर पडतो, मोबाइलसारखा थेट डोळ्यांत येत नाही. पिवळसर छटेत अगदी मंद ठेवला की शेजारी झोपलेल्याला त्रास नाही. फार मंद केला तर खालच्या कडेला सावल्या दिसतात. वायफाय बंद ठेवलं तर चार्जिंग तीन आठवडे पुरतं.

खरी तक्रार देवनागरीची. काही मराठी ई-पुस्तकांत ‘वाऱ्याने दार लोटलं’ऐवजी ‘वार्याने’ दिसतं, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. श्वास रोखलेला असताना डोळा असा अडखळला की सगळं सांडतं. काही जुनी पुस्तकं तर नुसती स्कॅन केलेली, अक्षर मोठं करायला गेलं की ओळ पडद्याबाहेर. विकत घेण्याआधी नमुना प्रकरण उघडून ‘ऱ्य’ असलेला एखादा शब्द शोधा. मराठी भयकथेच्या वाचकांनी एवढा आग्रह धरायलाच हवा.

नोव्हेंबरात अपडेट आला आणि टक्केवारी आपोआप परत सुरू झाली. संग्रहातल्या शेवटच्या कथेत, ऐन भरात, खाली ९६ दिसलं. ती कथा माझ्यापुरती गेली. तेव्हापासून अपडेट झाला की आधी सेटिंग्ज बघते, मग पुस्तक उघडते.

१८९७ची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी सगळी रोजनिशी, पत्रं, तारा यांतून उलगडते. पहिली नोंद ३ मेची, मग नोव्हेंबरापर्यंत. या वर्षी ती त्याच तारखांना वाचायचं ठरवलंय, नोंद येईल त्या रात्री तेवढीच. तोवर यंत्राला दीड वर्ष होत येईल. बॅटरी कशी टिकली ते तेव्हा लिहिते.