ऐरोलीची फ्लेमिंगो बोट: पोहायचे कपडे घरी ठेवा, कालनिर्णय सोबत घ्या

आधीच सांगते, ही स्पीडबोटची मजा नाहीये आणि इथे पाण्यात उतरायला मिळत नाही. सांगावं लागतंय कारण माझ्या नणंदेच्या पोरांनी पुण्याहून येताना गॉगल, कॉस्च्युम, टॉवेल सगळं भरून आणलं होतं. दिवाळीत आम्ही सगळे तारकर्लीला गेलेलो, तिथे देवबागला संगमावर स्पीडबोट, मग त्सुनामी आयलंड, मग सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग असं सगळं झालेलं, त्यामुळे "मामीकडे पण बोट आहे" एवढं ऐकल्यावर त्यांनी बाकीचं स्वतःच ठरवून टाकलं. धाकटी तर जेटीवर उभी राहून विचारते, मामी उडी कुठून मारायची?

तर ही बोट म्हणजे ठाणे खाडीतली फ्लेमिंगो सफारी. वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे नवी मुंबईतल्या ऐरोलीत, दिवा गावाच्या बाजूला, तिथून बोटी सुटतात. फेरी साधारण तासाभराची, तिकीट माणशी काहीशे रुपये, शनिवार-रविवारी दर थोडा चढा असतो, बुकिंग ऑनलाइन करून जाणंच बरं कारण सीझनमध्ये आयत्या वेळी जागा मिळेल या भरवशावर पोरंबाळं घेऊन जाणं म्हणजे उगाच डोक्याला ताप. ठाण्याहून येणाऱ्यांनी ट्रान्स हार्बर पकडायची, दिघा गाव आणि मग ऐरोली, स्टेशनबाहेरून रिक्षा. रिक्षावाल्याला "फ्लेमिंगो सेंटर" म्हटलं की कळतं.

आता मुद्द्याचं, म्हणजे वेळ. या फेरीचं सगळं यश भरती-ओहोटीवर आहे, बोटीवर नाही, गाइडवर नाही, तुमच्या नशिबावर तर अजिबात नाही. लोक रिव्ह्यूत "पक्षीच नव्हते, पैसे फुकट" असं लिहितात ना, त्यातल्या निम्म्या लोकांनी भरतीचं टायमिंग न बघता आपल्या सोयीचा स्लॉट घेतलेला असणार, मी पैजेवर सांगते. होतं काय की ओहोटीला पाणी पार उतरलं की चिखल उघडा पडतो, तेव्हा रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, त्या चिखलावर चरायला पसरतात, पण तेव्हा बोट निघायला पुरेसं पाणी नसतं. आणि पूर्ण भरती आली की बोट मस्त चालते पण चिखल सगळा पाण्याखाली, मग पक्षी उठून नेरूळकडच्या पाणथळांवर जाऊन बसतात, डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्य या मर्चंट नेव्हीच्या प्रशिक्षण संस्थेच्या मागची जागा, तिकडे. म्हणजे दोन्हीच्या मधली वेळ साधायची, पाणी चढतंय किंवा उतरतंय पण चिखलाच्या कडा अजून दिसतायत अशी. केंद्रवाले स्लॉट भरतीप्रमाणेच लावतात, म्हणून वेळा रोज बदलतात, भरती दररोज पाऊण-एक तास पुढे सरकते तशी. त्यावर वैतागू नका.

आमच्याकडे हे काम सासऱ्यांचं. ते मूळचे अलिबागकडचे, मोबाईलवर काहीही बघत नाहीत, भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, तिथी बघितली आणि तिची पाऊणपट केली. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे हा, अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा. ऐरोली खाडीच्या आत असल्यामुळे तिथे पाणी पोचायला थोडा वेळ अजून लागतो, तेवढं धरून चालायचं. नंतर मी नवऱ्याच्या अ‍ॅपवर ताडून बघितलं, फार काही फरक नव्हता, आणि बाबांना ते सांगितल्यावर ते "मग!" एवढंच म्हणाले.

बोटीत बसताना प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि बकल लावल्याशिवाय बोटवाले दादा बोट हलवत नाहीत. हे मुद्दाम लिहितेय कारण कोकणात एका ठिकाणी (नाव घेत नाही) आम्हाला दिलेल्या जॅकेटांपैकी एकाचं बकलच तुटलेलं होतं आणि बदलून मागितलं तर "वहिनी काय होत नाय" असं उत्तर, आणि ती बोट सुसाट जाणारी. इथे बोट जाते बैलगाडीच्या चालीने. पहिली पाच मिनिटं भाच्याचं तोंड एवढंसं झालेलं, त्याला पाण्याचे तुषार उडायला हवे होते.

दोन्ही काठांना तिवरं. मागे पूर्वेला पारसिकचा डोंगर, समोर येऊरच्या टेकड्या, पलीकडे मुलुंड-भांडुपकडची मिठागरं, वरून हाय टेन्शनच्या तारा, डोक्यावर ऐरोली पुलाची वाहतूक. म्हणजे "निसर्गाच्या कुशीत" वगैरे काही नाही, शहर सगळीकडून दिसतं, आणि मला तेच आवडलं. रोज त्या पुलावरून ऑफिसला जाताना खाली बघायला वेळ नसतो, खालून वर बघितल्यावर कळतं आपण कशावरून जातो.

मग गाइड मॅडमनी इंजिन बंद करायला सांगितलं. पहिल्यांदा नुसता गुलाबी पट्टा दिसतो, चिखलाच्या कडेला कुणीतरी रंगाचा हात फिरवल्यासारखा. बोट वाहत वाहत थोडी जवळ गेली की पट्ट्याचे पाय दिसायला लागतात, आणि मग आवाज. मला वाटलेलं एवढा नाजूक पक्षी, आवाज पण तसाच असेल, कसलं काय, बदकांची मोठी सभा भरल्यासारखा कलकलाट. शेकडो माना खाली, चोच उलटी करून, म्हणजे टाळू खाली आणि खालचा जबडा वर अशी धरून पाणी आत ओढायचं आणि जिभेने बाहेर ढकलायचं, चोचीतल्या बारीक गाळणीत खाणं अडकतं. हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण एका पक्ष्यावर दुर्बीण धरून बसलं की बघताना मजा येते, तो गोल गोल फिरत पायाने चिखल ढवळतो आणि त्याच्याच पावलाभोवती चरतो.

दोन जाती असतात, मोठा रोहित उंच, जवळजवळ पांढरट, चोच गुलाबी आणि टोक काळं. छोटा रोहित बुटका पण रंगाने गडद, चोच काळपट लाल. आपल्या खाडीत छोटेच जास्त. करड्या रंगाचे दिसले तर ती वेगळी जात नाही, लहान पक्षी आहेत, रंग खाण्यातून येतो आणि यायला काही वर्षं लागतात. हे मॅडमनी सांगितल्यावर धाकटी म्हणाली, "मग मी बीट खाऊ?" अख्खी बोट हसली.

आणि इथेच पोहण्याचा विषय परत आला, कारण भाच्याने सरळ विचारलं की पक्षी उभे राहतात म्हणजे पाणी उथळ आहे, मग आपण का नाही उतरायचं? एक तर तो चिखल. वरून घट्ट दिसतो पण पाय टाकला की मांडीपर्यंत आत, काढताना दोन माणसं लागतील. दुसरं, हे अभयारण्य आहे, २०१५ पासून, २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीतही गेलं, इथे माणसांनी पाण्यात खेळायचं नसतं. आणि तिसरं म्हणजे पाणी. एका बाजूला ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला मुंबई, दोन्हीकडचं सांडपाणी वर्षानुवर्षं खाडीत येतंय. वास येतो, लपवण्यात अर्थ नाही, ओहोटीच्या वेळी जास्तच येतो, ज्यांना त्रास होतो त्यांनी रुमाल ठेवा.

आमच्या बोटीत एक दिवा गावातले आजोबा होते, नातवाला घेऊन आलेले. ते एवढा वेळ गप्प बसलेले, हे ऐकून म्हणाले, "इथंच पवायला शिकलो आमी." मग थोडं सांगितलं, पाग टाकून मासे, चिखलात हात घालून चिंबोऱ्या, निवटी. नातू मोबाईलवर शूटिंग करत होता, त्याला निवटी माहीतच नव्हती, तर आजोबांनी त्याची मान धरून काठाकडे वळवली. चिखलावर बोटाएवढे तपकिरी मासे, डोळे डोक्याच्या वर, पुढच्या परांवर रेटा देत चक्क चालत होते, एकाने तर पाठीवरचा पंख उभा करून दुसऱ्याला हुसकावलं. खरं सांगू, आमच्या दोन्ही पोरांना फ्लेमिंगोपेक्षा निवटी जास्त आवडली, घरी येईपर्यंत तेच चाललेलं.

गंमत अशी की ज्या पाण्यात आपण हाताचं बोटही बुडवणार नाही त्याच पाण्यावर हे पक्षी पोसलेत. सांडपाण्यातून नायट्रेट, फॉस्फेट येतं, त्यावर शेवाळ माजतं, छोटा रोहित तेच शेवाळ गाळून खातो. म्हणजे नव्वदच्या दशकापासून हे इतक्या मोठ्या संख्येने यायला लागले त्यात आपल्या घाणीचा पण हात आहे. याचा अर्थ घाण सोडत राहा असा कुणी काढू नका, शेवाळापलीकडे कारखान्यांचं जे काय येतं त्याने कुणाचंच भलं होत नाही. पण बोटीत "किती घाण पाणी, बिचारे पक्षी" असं म्हणणाऱ्या काकूंना मॅडमनी हे फार छान समजावलं, बिचाऱ्या काकू गोंधळूनच गेल्या.

वेगाबद्दल. मागे एका सीझनला मैत्रिणीच्या ओळखीने आम्ही दुसरीकडून एका खाजगी बोटीने गेलो होतो, कुठून ते राहू दे, त्या माणसाने पक्षी दिसल्याबरोबर इंजिनचा कान पिळला आणि बोट थेट थव्यात घातली, का तर "उडताना फोटो भारी येतो मॅडम". फोटो भारी आला, नाही म्हणत नाही. पण उन्हाळ्यात हेच पक्षी कच्छकडे परत जायला निघतात, त्याआधी पोटभर खाऊन अंगावर चरबी चढवायची असते, आणि आपण फोटोसाठी दर तासाला त्यांना उठवायचं? मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेने ३९ रोहित मेले तेव्हा अख्खं नवी मुंबई हळहळलं, स्टेटस ठेवले, आणि हिवाळा आला की परत "जरा जवळ घ्या ना दादा". आमच्या बोटीतही चार जणांचा ग्रुप होता, ब्लूटूथ स्पीकर घेऊन आलेला, त्यांनी दादांना दोनदा जवळ घ्यायला सांगितलं, दादांनी दोनदा ऐकू न आल्यासारखं केलं. स्पीकर मॅडमनी बंद करायला लावला. याला माझ्याकडून वेगळे मार्क.

फोटोचं मात्र स्पष्ट सांगते, मोबाईलवर गुलाबी ठिपके येतील. झूम केलं की गुलाबी चौकोन. अंतर राखतात ते योग्यच आहे, पण मग दुर्बीण हवी, उसनी आणा पण आणा. आमच्याकडे एकच होती आणि तिच्यावरून जी मारामारी झाली ती विचारू नका.

रोहित सोडून पण खूप काही दिसतं, लोक तिकडे बघतच नाहीत. शेकाट्यांचे लाल पाय, चित्रबलाक, कुरव तर बोटीच्या मागेच लागतात (खायला टाकू नका, फरसाण पक्ष्यांसाठी नसतं), तारेवर खंड्या. काठावर तिवरांची श्वासमुळं चिखलातून वर आलेली, हजारो पेन्सिली खोचल्यासारखी. पांढरी चिप्पी हा आपला राज्य कांदळवन वृक्ष आहे हे मला त्या दिवशी कळलं, २०२० पासून आहे म्हणे आणि आम्ही सीवूड्सला राहून पत्ता नाही. पामबीच रोडवरचे फ्लेमिंगोचे पुतळे बघितले की झालं आमचं.

केंद्रात आत माहितीचं दालन आहे, तिवरात बांधलेली लाकडी पायवाट आहे, बोटीच्या आधी तासभर लवकर जाऊन ते उरकून घ्या, बोटीनंतर उन्हाने जीव जातो आणि कुणाची इच्छा राहत नाही. टोपी हवीच. बाथरूमला जाऊन मगच चढा, बोटीत सोय नाही आणि मध्येच कुणी वळवणार नाही. गुडघेदुखी असणाऱ्यांना जेटीवरून बोटीत उतरताना हात लागतो, सासूबाईंना दोघांनी धरलं, पाणी उतरलेलं असलं की पायरी खोल पडते.

कधी जायचं? पक्षी नोव्हेंबर-डिसेंबरपासून यायला लागतात आणि मेपर्यंत असतात, पण पाऊस कसा पडला त्यावर पुढेमागे होतं. माझ्या मते जानेवारीचा शेवट ते मार्च, थवे भरलेले असतात आणि ऊन अजून सोसतं. एप्रिल-मेमध्ये रंग जास्त खुलतो म्हणतात पण लहान मुलं घेऊन त्या उन्हात मी जाणार नाही.

मार्क द्यायचे तर पाचपैकी चार. एक कापला तो तिथल्या कुणामुळे नाही, सुट्टीच्या दिवशीच्या गर्दीमुळे, आपण सगळे एकाच रविवारी जातो आणि मग शांतता मागतो. ज्यांना पाणी अंगावर घ्यायचंय, सुसाट जायचंय, त्यांनी सरळ मालवणची गाडी पकडा, तिथलं पाणी त्यासाठीच आहे. ज्यांना तासभर गप्प बसता येतं त्यांनी ऐरोलीला या. नणंदेचं पुढच्या वर्षीचं ठरलंय, तारीख सासरे काढणार आहेत, मधला वार बघून.