दक्षिण भारताचा भिंतीवरचा नकाशा: यानम सापडलं, कोनसीमा नाही

नौपाड्यातल्या एका स्टेशनरीवाल्याकडून दक्षिण भारताचा हा मोठा लॅमिनेटेड नकाशा घेतला, साडेतीनशेला. मुलगी नववीत आहे आणि मे महिन्यात नेत्रावती एक्सप्रेसनं केरळला जायचंय, म्हणून म्हटलं मोबाईलवर झूम करत बसण्यापेक्षा भिंतीवर एक नकाशा हवाच.

छपाई मस्त आहे. सह्याद्रीचा तपकिरी पट्टा निलगिरीपर्यंत येतो, मग पालक्काडला मधेच हिरवी खिंड आणि पुढे परत डोंगर चढत जातो तो थेट अनैमुडी, 2695 मीटर. मुलीनं खिंडीवर बोट ठेवून विचारलं, बाबा कोइमतूरची रेल्वे इथूनच जाते ना? हो, इथूनच.

पण मला सगळ्यात आवडला तो पुदुच्चेरीचा भाग. केंद्रशासित प्रदेश एकच पण तुकडे चार आणि चारही लांब लांब, पुदुच्चेरी आणि कारैकाल तमिळनाडूच्या किनाऱ्याला, यानम आंध्रात गोदावरीच्या मुखाकडे, आणि माहे पार दुसऱ्या समुद्रावर, केरळात तलश्शेरी आणि वडकराच्या मधे. दक्षिणेत फ्रेंचांकडे शेवटपर्यंत उरलेले तेवढेच तुकडे, 1954 ला त्यांनी कारभार भारताकडे दिला म्हणून हा असा आकार. माहे म्हणजे जेमतेम 9 चौरस किलोमीटर, बऱ्याच नकाशात ते नुसतं नाव असतं. इथे भिंग घेऊन बसलो तर हद्दीची रेघ दिसली, आतला रंगही पुदुच्चेरीचाच. एवढ्याशा जागेसाठी कोणीतरी मन लावून काम केलंय.

म्हणूनच पुढचं जास्त लागलं. वर नवीन आवृत्ती असं छापलंय, तेलंगणाचे 33 जिल्हे बरोबर आहेत, कर्नाटकात बल्लारीतून 2021 ला निघालेला विजयनगर जिल्हा आहे, कारैकालच्या वरचा मयिलादुथुरै पण आहे, आणि आंध्र मात्र जुन्या 13 जिल्ह्यांचाच! अहो 2022 च्या एप्रिलमधेच 13 चे 26 केले त्यांनी. यानमभोवती अजून सगळा पूर्व गोदावरी जिल्हाच दाखवलाय, तिथे आता काकीनाडा आणि कोनसीमा हे जिल्हे आहेत. भिंतीवर रोज दिसणारी गोष्ट पोरांच्या डोक्यात तशीच बसते हो.

दुकानातल्या काकांना दाखवलं तर त्यांनी सगळा गठ्ठा उघडून बघितला, सगळे तसेच. पैसे परत देत होते, मी नकाशाच ठेवला, आंध्रवर ट्रेसिंग पेपर लावून नवीन हद्दी आम्ही दोघं काढतोय. पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर आधी यानमच्या बाजूला बघा, कोनसीमा लिहिलेलं दिसलं तरच पैसे द्या.